प्लॉट घेण्याआधी: लेआउट कुणी मंजूर केला आणि पाणी कोण आणणार?

शहराबाहेर पडणाऱ्या कुठल्याही रस्त्याला लागा, थोड्याथोड्या अंतरावर बोर्ड दिसतात: ‘कलेक्टर एनए प्लॉट, क्लिअर टायटल, रोड-लाइट-पाणी, आजच बुकिंग करा’. पहिल्यांदा प्लॉट घेणारा माणूस टायटल बघायला वकील लावतो, भावात घासाघीस करतो, दिशा बघतो. दोन गोष्टी मात्र हमखास सोडून देतो. या जमिनीवर एकूण किती घरं होऊ शकतात? आणि त्या सगळ्यांना पाणी कोण, कुठून, कधी देणार?

आपल्याकडे हे दोन निर्णय दोन वेगळ्या टेबलांवर होतात. घरं किती, हे नियोजन प्राधिकरण ठरवतं. पाणी ग्रामपंचायत, महाराष्ट्र जीवन प्राधिकरण किंवा महापालिकेचा पाणीपुरवठा विभाग देतो. वीज महावितरणची. पहिल्या टेबलावर शिक्का बसला की प्लॉट विकायला निघतात. दुसऱ्या टेबलावरची फाइल हलायला कित्येक वर्षं लागू शकतात. मधल्या काळात टँकरचं बिल भरतो तो प्लॉटधारक. म्हणून दोन्ही टेबलांवरचे कागद पैसे देण्याआधी कसे वाचायचे, ते इथे क्रमाने सांगतो. उदाहरणं बरीचशी पुण्याच्या आसपासची आहेत, पण नाशिक, संभाजीनगर, कोल्हापूर कुठेही पद्धत हीच.

पायरी १: जमीन नेमकी कुणाच्या हद्दीत आहे?

गावाचं नाव आणि गट नंबर घ्या आणि विचारा: आज इथे बांधकाम परवानगी कोण देतं? पर्याय साधारण असे. महापालिका किंवा नगरपरिषदेच्या हद्दीत ती संस्था. पीएमआरडीए, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, अशा महानगर प्राधिकरणाच्या क्षेत्रात ते प्राधिकरण. बाकी ग्रामीण भागात जिल्हाधिकारी, आणि त्यांना तांत्रिक अभिप्राय देणारं नगररचना विभागाचं जिल्हा कार्यालय. गावठाणाबाहेरच्या शेतात लेआउट मंजूर करायचा अधिकार ग्रामपंचायतीला नाही. सरपंचाच्या सहीचा ‘ना हरकत दाखला’ दाखवून कुणी ‘लेआउट पास आहे’ म्हणत असेल तर चहा घ्या आणि निघा. तीच गोष्ट नमुना आठच्या उताऱ्याची. तो घरपट्टीसाठी असतो, त्याने ना मालकी सिद्ध होते ना परवानगी.

हद्द ही कायमची गोष्टही नाही. पुणे महापालिकेत २०१७ साली ११ गावं आली, २०२१ साली आणखी २३. पहिल्या अकरांमधली फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही दोन गावं २०२४ मध्ये पुन्हा बाहेर काढून त्यांची वेगळी नगरपरिषद केली. म्हणजे २०१६ साली फुरसुंगीत प्लॉट घेतलेल्या माणसाने एका जागी बसून ग्रामपंचायत, महापालिका आणि नगरपरिषद अशी तीन दारं पाहिली.

त्या २३ गावांचं प्रकरण तर आपल्या विषयाचा नमुनाच आहे. गावं महापालिकेत आली, पण तिथलं नियोजन प्राधिकरण म्हणून सरकारने पीएमआरडीएला नेमलं. आराखडा आणि बांधकाम परवानगी एकाकडे, नळाचं पाणी दुसऱ्याकडे, अशी वाटणी झाली. तेव्हा ‘महापालिकेत आहे’ एवढ्यावर खूश होऊ नका. परवानगी कोण देतं आणि पाणी कोण देतं, हे दोन प्रश्न वेगवेगळे विचारा आणि दोन्ही उत्तरं लिहून घ्या.

पायरी २: झोन दाखला आणि भाग नकाशा

गट नंबर देऊन नियोजन प्राधिकरणाकडून झोन दाखला आणि विकास आराखड्याचा किंवा प्रादेशिक योजनेचा भाग नकाशा मिळतो. फी किरकोळ असते. एजंटने दिलेली झेरॉक्स चालवून घेऊ नका, अर्ज स्वतःच्या नावाने करा.

बघायचं ते तीन गोष्टींसाठी. जमीन रहिवासी विभागात आहे की शेती विभागात. तिच्यावरून आराखड्यातला रस्ता जातो का. शाळा, बाग, पाण्याची टाकी असं काही आरक्षण पडलंय का. रस्त्याची रेषा गटाच्या एका कोपऱ्यातून जात असेल तर ‘आपल्या प्लॉटला लागत नाही’ हे तोंडी ऐकून सोडू नका, मोजणीच्या नकाशावर बसवून बघा.

शेती विभागातले ‘फार्महाऊस प्लॉट’ हा एक वेगळाच धंदा आहे. सध्याच्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीप्रमाणे फार्महाऊसलाही किमान ४,००० चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ एक एकर जमीन लागते. मग पाच किंवा अकरा गुंठ्यांचा फार्महाऊस प्लॉट आला कुठून? बहुतेक वेळा उत्तर एकच: एक मोठा गट, सातबाऱ्यावर दहा-वीस जणांची सामायिक नावं, आणि आत तारेच्या कुंपणाने पाडलेले तुकडे, ज्यांची कुठल्याही सरकारी नकाशावर नोंद नाही. शिवाय शेतजमीन घ्यायला महाराष्ट्रात शेतकरी असल्याचा पुरावा लागतो, आणि परदेशात स्थायिक झालेल्यांना ती विकतच घेता येत नाही. दुबईहून किंवा न्यू जर्सीहून फोनवर बुकिंग करणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

आणखी एक सापळा म्हणजे ‘येणारा आराखडा’. ‘नव्या डीपीत हा भाग यलो झोन होणार आहे’ हे वाक्य तुम्ही ऐकणारच (डीपी म्हणजे विकास आराखडा, यलो झोन म्हणजे रहिवासी विभाग). पीएमआरडीएने २०२१ मध्ये प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध केला, त्यावर हजारो हरकती आल्या, सुनावण्या झाल्या, आणि २०२५ मध्ये सरकारने तो आराखडाच रद्द केला. प्रारूपातल्या पिवळ्या रंगावर भरवसा ठेवून ज्यांनी वाढीव भाव दिला, त्यांना परत फिरून जायला कुठलं ऑफिसच नाही. मंजूर आराखडा सोडून दुसऱ्या कशावरही पैसे लावू नका.

पायरी ३: लेआउटची मंजुरी — तात्पुरती की अंतिम?

आधी एक गैरसमज दूर करतो. एनए (बिगरशेती) होणं म्हणजे महसुली दृष्टीने जमिनीचा वापर बदलणं. लेआउट मंजूर होणं म्हणजे रस्ते, मोकळी जागा आणि प्लॉटांचे आकार नगररचनेच्या नियमांत बसणं. हल्ली आराखड्यातल्या रहिवासी जमिनीला वेगळी एनए परवानगी घ्यावी लागत नाही, त्यामुळे ‘एनए आहे’ या शब्दाचं वजन पूर्वीपेक्षा कमीच झालंय. तुम्हाला हवा आहे तो लेआउटचा मंजूर नकाशा आणि त्याच्यासोबतचं मंजुरीचं पत्र.

मंजुरी दोन टप्प्यांत होते. आधी तात्पुरती. तिच्या आधारावर मालक जागेवर रस्ते आखतो, गटारं आणि बाकीची कामं करतो, भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घेतो. प्लॉट नकाशाप्रमाणे जागेवर बसले की अंतिम मंजुरी. मग कमी-जास्त पत्रक होतं, ज्याला सगळे केजेपी म्हणतात, आणि त्यानंतर प्रत्येक प्लॉटचा स्वतंत्र सातबारा निघतो. रस्त्याचा आणि ओपन स्पेसचाही वेगळा. केजेपी झालेला लेआउट आणि केजेपी ‘प्रोसेसमध्ये’ असलेला लेआउट यांच्या भावात फरक असतो, आणि तो असायलाच हवा.

मंजुरीचं पत्र हातात आल्यावर लोक पहिलं पान बघतात आणि शिक्का पाहून समाधान मानतात. खरा मजकूर मागच्या पानांवर असतो, ‘अटी व शर्ती’ या मथळ्याखाली. एका ओळीत एक अट, वीस-पंचवीस ओळी. त्यात पाणी, सांडपाणी, वीज हे शब्द शोधा. पुढच्यासारखी ओळ सापडली तर तिथे पेन्सिलने खूण करा: ‘पिण्याच्या पाण्याची व्यवस्था अर्जदाराने स्वखर्चाने करावयाची असून त्याबाबत प्राधिकरण जबाबदार राहणार नाही.’ बोर्डावरचं ‘पाणी’ आणि पत्रातली ही ओळ, दोन्ही एकाच जमिनीबद्दल आहेत. वाद झाला तर ग्राह्य धरलं जाईल ते पत्र.

नकाशावर क्षेत्रफळाचा तक्ता असतो. एकूण क्षेत्र, रस्त्यात गेलेलं, ओपन स्पेस, सुविधा क्षेत्र, उरलेलं विक्रीयोग्य क्षेत्र. ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जमिनीला किमान १० टक्के मोकळी जागा सोडावीच लागते. ती नकाशावर कुठे आहे ते बघून जागेवर जाऊन उभे राहा. ओढ्याच्या काठावर, हाय टेन्शन तारांखाली किंवा चढावर निघाली तर आश्चर्य नको. आणि तिथे ‘फेज टू’चे प्लॉट पाडलेले दिसले, तर मात्र व्यवहार सोडा.

मंजुरीच नसलेले, फक्त गुंठ्यांवर विकलेले तुकडे हा प्रकार राज्यभर आहे. तुकडेबंदीचा कायदा १९४७ चा, गुंठेवारी नियमित करण्याचा २००१ चा. गुंठेवारीची मुदत आधी २००१ पर्यंतच्या तुकड्यांना होती, ती पुढे ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या तुकड्यांना वाढवली. २०२५ मध्ये सरकारने शहरी आणि आराखड्यातल्या रहिवासी भागातले जुने तुकड्यांचे व्यवहार नियमित करायचाही निर्णय घेतला. एजंट या बातमीचं कात्रण खिशात घेऊन फिरतात. पण व्यवहार नियमित झाला म्हणून चार मीटरची बोळ नऊ मीटर होत नाही, आणि ज्या भागात कुणी गटारासाठी जागाच सोडली नाही तिथे गटार टाकायचं तरी कुठून? नवीन घेणाऱ्याने गुंठेवारीच्या वाटेला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आधीच अडकलेल्यांसाठी तो कायदा आहे, नव्याने अडकायला नव्हे.

पायरी ४: घनतेचं गणित स्वतः करा

यासाठी इंजिनिअर लागत नाही. दहा एकरांचा लेआउट धरा. म्हणजे ४०० गुंठे. ओपन स्पेसचे ४० गेले. रस्त्यात साधारण चौथा हिस्सा, म्हणजे १०० गेले असं धरू. उरले २६०. दोन-दोन गुंठ्यांचे प्लॉट पाडले तर १३० प्लॉट. प्रत्येकी एक बंगला, घरात पाच माणसं, म्हणजे ६५० माणसं. शहरी पाणीपुरवठ्याचं मानक माणशी दिवसाला १३५ लिटर. ६५० गुणिले १३५ म्हणजे ८७,७५० लिटर. दहा हजार लिटरचे जवळजवळ नऊ टँकर, रोज.

आता खरी मेख. दोन गुंठ्यांवर बंगलाच होईल, असं मंजुरीत कुठेही लिहिलेलं नसतं. डिसेंबर २०२० पासून मुंबई आणि काही विशेष क्षेत्रं सोडून राज्यभर लागू असलेल्या त्या एकत्रिकृत नियमावलीत मूळ चटई क्षेत्र निर्देशांक, म्हणजे प्लॉटच्या क्षेत्राच्या किती पट बांधकाम करता येतं तो आकडा, १.१ आहे. समोरचा रस्ता नऊ मीटरचा असेल तर पुण्यासारख्या महापालिका हद्दीत प्रीमियम भरून आणि टीडीआर (दुसऱ्या जागेचा हस्तांतरणीय विकास हक्क) घेऊन तो २ पर्यंत जातो, आणि प्रीमियम भरून मिळणारं पूरक क्षेत्र त्याच्यावर. म्हणजे शेजारच्या प्लॉटवर पार्किंग आणि वर मजले, असे सहा फ्लॅट सहज उभे राहू शकतात. निम्म्या प्लॉटांवर जरी असं झालं, तरी ६५ बंगले आणि ३९० फ्लॅट. फ्लॅटमागे चार माणसं धरली तर एकूण पाण्याची गरज अडीच लाख लिटरच्या पुढे जाते. मूळ हिशेबाच्या जवळजवळ तिप्पट. रस्ता तोच, मुख्य लाइन तीच, गटार तेच.

यात बेकायदा काही नाही, हे लक्षात घ्या. पक्की घरं वाढली पाहिजेत, शहरात जागा कमी आहे, हेही खरं. मला त्याचं वावडं नाही. फक्त ‘शांत बंगल्यांची वसाहत’ या आश्वासनाला तुम्ही वेगळे पैसे मोजत असाल, तर ते आश्वासन कुठल्या कागदावर आहे ते विचारा. लेआउटच्या मंजुरीत प्लॉटांचा वापर ‘एक कुटुंब’ असा मर्यादित आहे का, विक्रीकराराच्या अटीत काही बंधन आहे का, आणि लेआउटमधले रस्ते किती रुंद आहेत, या तीन गोष्टींवरून पुढच्या दहा-पंधरा वर्षांत तुमची गल्ली कशी दिसेल याचा अंदाज येतो.

पायरी ५: पाणी

इथे घाई करू नका. या पायरीला बाकी सगळ्यांपेक्षा जास्त वेळ द्या.

पहिला प्रश्न: आज पाणी कुठून येतं? उत्तरं साधारण चार. विकासकाची बोअरवेल, टँकर, ग्रामपंचायतीची नळयोजना, पालिकेची लाइन. बोअर असेल तर खोली, मोटार कितीची आणि मे महिन्यात किती तास चालते, हे विचारा. शक्यतो मे महिन्यातच जागा बघा. श्रावणात सगळ्याच बोअरला पाणी असतं. भूजल कायद्यात ६० मीटरपेक्षा खोल विहिरीवर, म्हणजे आपल्या बोलीत दोनशे फुटांहून खोल बोअरवर, आणि सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवाजवळच्या खोदाईवर निर्बंध आहेत. विक्रेता अभिमानाने ‘आठशे फुटांवर पाणी लागलं’ म्हणाला, तर त्यातून एवढंच कळतं की तिथे आता वरच्या थरात पाणी उरलेलं नाही.

ग्रामपंचायतीची योजना असेल तर ती किती माणसांसाठी आखली ते बघा. जलजीवन मिशनच्या ग्रामीण योजना माणशी ५५ लिटरवर आखल्या जातात, त्याही गावाच्या लोकसंख्येचा ठरावीक अंदाज धरून. तीन हजार वस्तीच्या गावासाठी बांधलेल्या टाकीतून १३५ लिटर वापरणारे शेकडो शहरी फ्लॅट आले, तर गावाचा आणि तुमचा संबंध पहिल्या उन्हाळ्यातच बिघडतो. गावकरी चुकीचे नसतात. त्यांच्या टाकीवर तुमचा लेआउट कुणी त्यांना न विचारता टाकलेला असतो.

पालिकेची लाइन येणार, असं सांगितलं जात असेल तर ती कुठल्या टप्प्यावर आहे ते विचारा. हे टप्पे पाठ करून ठेवण्यासारखे आहेत: प्रस्ताव, तांत्रिक मंजुरी, प्रशासकीय मान्यता, निविदा, कार्यादेश (वर्क ऑर्डर), प्रत्यक्ष काम, चाचणी. वर्तमानपत्रात ‘पाणीयोजनेला मंजुरी’ अशी बातमी येते ती बहुधा प्रशासकीय मान्यतेची. तिच्यानंतर निधी यायचा असतो, निविदेला ठेकेदार मिळायचा असतो, टाकीसाठी जागा ताब्यात यायची असते. जागेवरून अडलेल्या टाक्या पुण्यातही दाखवता येतील आणि सोलापुरातही. माझा साधा नियम: कार्यादेशाची प्रत मिळाली तर योजना आहे असं धरा, तुमच्या रस्त्यात पाइप गाडलेला दिसला तर काही वर्षांत पाणी येईल असं धरा, याआधीच्या कुठल्याही टप्प्यासाठी भावात एक रुपयाही वाढवू नका. आणि पाइप दिसला तरी त्याचा व्यास विचारा. चार इंची लाइनवर शेकडो फ्लॅट जगत नाहीत.

मग हमीपत्राचा मुद्दा. पुण्याच्या नव्या गावांत अनेक प्रकल्पांना परवानगी मिळाली ती विकासकाने दिलेल्या हमीपत्रावर: महापालिका पाणी देईपर्यंत मी स्वखर्चाने पाणी पुरवीन. इमारत पूर्ण झाली, सोसायटी स्थापन झाली, विकासक पुढच्या प्रकल्पाला गेला, की टँकरचा खर्च मेंटेनन्समध्ये येतो आणि हमीपत्र फाइलमध्ये राहतं. ते हमीपत्र सार्वजनिक कागद आहे. परवानगीच्या फाइलमधून त्याची प्रत मागा आणि ‘किती काळ’, ‘किती लिटर’, ‘सोसायटीकडे हस्तांतर झाल्यावर कोण’ या तीन ठिकाणी काय लिहिलंय ते वाचा. बहुतेक वेळा काहीच लिहिलेलं नसतं. पाण्याअभावी न्यायालयाने हात घातल्याची उदाहरणंही आहेत. बाणेर-बालेवाडीतल्या नव्या बांधकामांना २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने स्थगिती दिली होती, ती पाण्याच्याच प्रश्नावर.

जागेवर गेलात की विक्रेत्याच्या माणसाला ऑफिसात बसू द्या आणि तुम्ही शेजारच्या राहत्या सोसायटीच्या वॉचमनशी बोला. दिवसाला किती टँकर येतात, भाव काय, कुठल्या विहिरीवरून भरतात, तिसऱ्या मजल्यावर पाणी चढतं का. टँकर रिकामा करायला थांबलेला ड्रायव्हर या सगळ्याची उत्तरं कुठल्याही ब्रोशरपेक्षा नीट देतो. त्याच्या गाडीच्या पाइपखाली सोसायटीची जमिनीतली टाकी उघडी असेल तर आत डोकावून बघा. तळाला गाळ आणि पाण्यावर तवंग दिसला की फिल्टरचा खर्चही हिशेबात धरा.

पायरी ६: सांडपाणी आणि वीज, थोडक्यात

गटाराची लाइन नसेल तर शोषखड्डा आणि सेप्टिक टँक हेच उत्तर असतं. दोन गुंठ्यांच्या प्लॉटांवर हे शेजारच्या बोअरच्या जवळ जातं, त्यामुळे लेआउटला एकत्रित व्यवस्था आहे का, हे विचारा. काळ्या कातळावर शोषखड्डा पाणी शोषतच नाही. तिथे तो नावापुरता असतो.

विजेसाठी महावितरणच्या स्थानिक उपविभागात जा आणि लेआउटच्या ट्रान्सफॉर्मरचा प्रस्ताव मंजूर आहे का ते बघा. विकासकाने स्वतःच्या खर्चाने यंत्रणा उभी करून महावितरणकडे सोपवायची योजना असते, तिला सगळे डीडीएफ म्हणतात. महावितरण तिथे १.३ टक्के पर्यवेक्षण शुल्क घेतं. ते काम झालं नसेल तर पहिली दहा घरं बांधकामाच्या तात्पुरत्या मीटरवर राहतात आणि अकरावं घर आलं की व्होल्टेज पडतं. खांब दिसणं पुरेसं नाही, खांबांवर तारा आणि डब्यात चालू ट्रान्सफॉर्मर हवा.

पायरी ७: निर्णय व्हायच्या आधी तोंड उघडा

प्लॉट घेतला, आता शेजारच्या शेताचा झोन बदलतोय किंवा तुमच्या अंतर्गत रस्त्यातून पलीकडच्या मोठ्या प्रकल्पाला वाट दिली जातेय, असं कळलं तर? महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ मध्ये हरकतीची सोय आहे, फक्त मुदत छोटी असते. प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध झाल्यावर कलम २६ खाली हरकत घ्यायला ३० दिवस मिळतात, मग नियोजन समितीसमोर सुनावणी होते. मंजूर आराखड्यातला किरकोळ फेरबदल कलम ३७ खाली होतो, त्यालाही एक महिन्याची सूचना निघते. ही सूचना राजपत्रात आणि वर्तमानपत्राच्या अगदी आतल्या पानावर, बारीक अक्षरांत असते. सोसायटीतल्या एखाद्या निवृत्त माणसाला दर आठवड्याला ते पान बघायचं काम द्या. असे लोक ते आवडीने करतात.

हरकत भावनेवर लिहू नका. ‘आमची शांतता भंग होईल’ या वाक्याला सुनावणीत काही किंमत नसते. आकडे आणि कागद द्या. साधारण असं:

‘गट क्र. … मधील प्रस्तावित फेरबदलामुळे या भागात अंदाजे … सदनिका वाढतील व दररोज … लिटर पाण्याची अतिरिक्त गरज निर्माण होईल. माहिती अधिकारात दि. … रोजी मिळालेल्या पत्रानुसार या भागातील टाकीची क्षमता … लिटर असून सध्याचा पुरवठा दिवसाआड आहे. नवीन जलवाहिनीच्या कामास कार्यादेश दिलेला नाही. सबब पाणीपुरवठ्याची व्यवस्था कार्यान्वित होईपर्यंत प्रस्तावित फेरबदल मंजूर करू नये, अथवा परवानगी टप्प्याटप्प्याने द्यावी. सुनावणीस प्रत्यक्ष हजर राहण्याची संधी मिळावी.’

ही हरकत आवक शिक्क्यासह पोहोच घेऊन द्या. आकडे मिळवायचा मार्ग म्हणजे माहिती अधिकार अर्ज, दहा रुपयांचा, तीस दिवसांत उत्तर अपेक्षित. मुदतीच्या आत उत्तर यावं म्हणून तो सूचना निघायची वाट न बघता आधीच टाकून ठेवा.

ग्रामीण भागात ग्रामसभा हे दुसरं ठिकाण. नव्या प्लॉटधारकांना तिथे जायला संकोच वाटतो, आणि गावातल्यांनाही ‘हे शहरवाले’ म्हणून थोडं परकेपण असतं. मतदारयादीत नाव गावात हलवलंत की तुम्ही ग्रामसभेचे सदस्य. पाणीयोजनेचा विस्तार तुमच्या वसाहतीपर्यंत न्यायचा असेल तर ठराव तिथूनच निघतो. पहिल्याच सभेत तक्रार घेऊन जाऊ नका. आधी गावाच्या जुन्या वाड्यांना पाणी नीट मिळतंय का ते ऐका, आणि शक्य असेल तर दोन्ही मागण्या एकाच ठरावात घाला.

पायरी ८: करारात काय लिहून घ्यायचं

५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या जमिनीवरचा प्लॉटिंगचा प्रकल्प महारेराकडे, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाकडे, नोंदवलेला असायला हवा. १ ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीत क्यूआर कोडही लागतो. तो स्कॅन करून मंजूर नकाशा, पूर्णत्वाची तारीख आणि सुविधांच्या रकान्यात पाणी, रस्ते, गटार यापुढे विकासकाने स्वतः काय भरलंय ते बघा. तिथे ‘नाही’ लिहून बोर्डावर ‘आहे’ लिहिणारे कमी नाहीत. त्या पानाची प्रिंट काढून तारखेसह ठेवा.

नोंदणीकृत करार करण्याआधी दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही, हे विक्रेत्याला माहीत असतं. तुम्हालाही माहीत आहे हे त्याला कळू द्या. नुसत्या स्टॅम्प पेपरवर नोटरी करून काहीही घेऊ नका. साठेखताच्या मसुद्यात पुढच्या गोष्टी वकिलाकडून घालून घ्या: मंजूर लेआउटचा क्रमांक आणि दिनांक, तुमच्या प्लॉटचा नकाशावरचा क्रमांक, ओपन स्पेस आणि रस्ते प्लॉटधारकांच्या संस्थेकडे कधी सोपवणार, पाणी कुठल्या स्रोतातून आणि दररोज किती लिटर, पालिकेची जोडणी मिळेपर्यंतचा खर्च कुणाचा आणि कुठल्या तारखेपर्यंत, ट्रान्सफॉर्मर चालू करून देण्याची तारीख. शेवटचा मोठा हप्ता, निदान पंधरा-वीस टक्के, स्वतंत्र सातबारा निघेपर्यंत आणि वीज चालू होईपर्यंत रोखून ठेवा. विक्रेता या एका अटीवर सगळ्यात जास्त वाद घालेल. त्याच्या लेआउटचा केजेपी खरंच झालेला असेल, तर वाद घालायचं त्याला काही कारण नसतं.